टँकर कोणाकडे गेला?

ताजी बातमी अशी, की आमच्या शेजारच्या नानींच्या पुतण्याने तिसरा टँकर घेतला. सेकंड हँडच आहे, पण रंग नवा मारलाय आणि मागे लफ्फेदार अक्षरांत ‘आईची कृपा’ लिहून घेतलंय.

“आईची कृपा कशाची?” शेपू निवडता निवडता नानी म्हणाल्या. “हीर निम्मी चुलत्याची. ते लिव्हा म्हनावं मागं.”

चुलता म्हणजे नानींचे मालक, आता नाहीत. विहीर आहे. मी अलीकडे कपडे वाळत घालत होते. मध्ये तारेचं कुंपण, त्यावर त्यांची गुळवेल आणि माझी पायपुसणी. आमच्या गल्लीतलं सगळं महत्त्वाचं बोलणं इथे होतं. व्हॉट्सॲप ग्रुपही आहे, पण त्यावर फक्त ‘शुभ सकाळ’ आणि हरवलेली मांजरं.

आमचं राहणं मांजरी-शेवाळेवाडीच्या पट्ट्यात, सोलापूर रस्त्यापासून आत. नेमकी गल्ली सांगत नाही, नानींच्या नातीला वाचता येतं. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत एकदम २३ गावं गेली, त्यांत मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी ही दोन्ही. त्याआधी २०१७ मध्ये ११ गेली होती. सगळी मिळून महापालिका क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठी झाली, असं पेपरात आलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने नानींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “गाव गेलं गेलं म्हंत्यात. गेलं कुठं? मी हितंच हाय की.”

पुढची गंमत अशी, की गाव आत गेलं तेव्हा सरपंच संपला, आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांचीही मुदत संपून प्रशासक आला. मधल्या काळात नानींची मोठी पंचाईत झाली. दिवा गेला की पूर्वी सरपंचाच्या वट्यावर जाऊन त्याच्या बायकोसमक्ष चार शब्द सुनवता यायचे. आता ॲपवर तक्रार करायची. “ॲपाची बायको कुठं ऱ्हाती?” हा त्यांचा प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये आत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, हेही मी सांगितलं. नानींनी मान डोलावली. “पटलं न्हाई सासरी. आली परत.” एवढ्यात विषय मिटला.

तर टँकर. शहरातून नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, टँकर म्हणजे पाणी आणणारी गाडी. इथे तो बातमीपत्र आहे. विहीर नानींच्या ओट्यासमोर, भरायचा नळ तिथेच, त्यामुळे कुठली गाडी कोणत्या दिशेला वळली हे त्यांना बसल्या जागी दिसतं. तेवढ्यावर त्या अख्खी गल्ली वाचतात. “कोपऱ्यावरल्या सरांकडं आठवड्यात दुसरा गेला. मेव्हनी आलीया लेकरं घिऊन.” खरंच आली होती. “त्या बँकवाल्या पोरानं म्हैनाभर मागवला न्हाई. बायको म्हायेरी.” हेही खरं निघालं, आणि बाळंतपणाला नव्हे, भांडून, हा तपशील ड्रायव्हरने पुरवला. डॉक्टरांकडे एका पहाटे लागोपाठ दोन टँकर गेले, तेव्हा नानींनी मला पोळ्या टाकता टाकता बाहेर बोलावलं: “लगीन ठरलं का ओ त्यांच्या पोरीचं? आपल्याला काय बोलली न्हाईत.” संध्याकाळी डॉक्टरीणबाई पेढे घेऊन आल्या. नानींनी असं आश्चर्य दाखवलं, की मी थक्क झाले.

आमच्याकडे टँकर येतो तेव्हा ड्रायव्हर पाइप टाकीत सोडण्याआधी पहिली चूळ बाहेर मारतो, पाइपातला गाळ जावा म्हणून. ती चूळ नेमकी कुंपणाच्या बुडाशी, नानींच्या कढीपत्त्यावर पडते. पैसे माझे. कढीपत्ता पुरुषभर उंच झालाय. नानी कधीमधी चार काड्या देतात, आणि मी आभार मानून घेते, करते काय.

या कुंपणाचंही एक लफडं आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. गुंठा-दोन गुंठ्यांचा बागायती तुकडा सुटा विकायला त्याची आडकाठी होती. मग लोकांनी तोड काढली: अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, खरेदीखत एक, सातबारा एक, त्यावर नावं अकरा. कोणाचा गुंठा कुठला, ते कागद सांगत नाही. नानींच्या दिराने चुन्याची फक्की मारून दाखवली, तेच प्रमाण. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ मध्ये झाला, पुढे २०२० अखेरपर्यंतच्या गुंठेवारीलाही तो लागू केला. पण आमच्या अकरांतले तिघे परगावी, एक परलोकी, सह्या जमतील तर शपथ. कर्जासाठी बँकेचा माणूस पाहणीला आला, त्याने चतुःसीमा विचारल्या. मी त्याला नानींकडे पाठवलं. त्यांनी बसल्या बसल्या हात करून सांगितल्या: उगवतीला डॉक्टर, मावळतीला आमी, वरल्या अंगाला गोठा, खालल्या अंगाला ते रातचं गानी लावनारं पोरगं. त्याने सगळं लिहून घेतलं, आणि कर्ज नाकारलं.

नानींचं घर पूर्वी उसाचं. ऊस थेऊरच्या यशवंत कारखान्याला जायचा. तो २०११ पासून बंद आहे. आता त्याची जमीन पुण्याची बाजार समिती घेणार, हा ओट्यावरचा चघळायचा विषय. पाणी पाटाचंही. खडकवासल्याहून निघालेला जुना मुठा कालवा, ज्याला सगळे बेबी कॅनॉल म्हणतात, त्याची पाळी आली की मालक रात्री कंदील घेऊन दारं मोडायला जायचे. त्या कालव्यात आता मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी शेतीसाठी सोडतात. ते प्रक्रिया केलेलं असतं असं म्हणतात. नानी म्हणतात, “फेस येतो त्याला. उसाला चालंल, मानसाला न्हाई.” मला यात एक हिशेब दिसतो: धरणाचं पाणी आधी शहर पिणार, आंघोळ करणार, भांडी घासणार, आणि उरलेलं इकडे. हा हिशेब नवा नाही, फक्त आता त्या उरलेल्याच्या काठावर आपण शहरातल्यांनीच येऊन घरं बांधलीत.

आणि जमीन विकलेल्यांविषयी शहरात जे बोलतात, की पैसा आला, स्कॉर्पिओ आली, बैलगाड्याची शर्यत आली आणि पैसा गेला, ते सगळंच खरं नाही. स्कॉर्पिओ आली हे खरं. पण नानींच्या पुतण्याने दोन एकर विकले आणि विहिरीभोवतीचे चार गुंठे ठेवले. एका बाजूला दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ काढली. हडपसरच्या कंपन्यांतली पोरं, सेंट्रिंगवाले, रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले तिथे भाड्याने राहतात. दुसऱ्या बाजूला टँकरचा नळ. पूर्वी त्याच विहिरीवर ऊस पोसायचा आणि कारखान्याच्या बिलासाठी वर्षभर वाट बघायची. आता पैसे टँकर रिकामा व्हायच्या आत फोनवर येतात. शेती सुटली असं त्याला वाटत नाही. तो म्हणतो, “पीक बदललं.” मला तो पोरगा आवडत नाही, मे महिन्यात फोन उचलत नाही, पण त्याचं गणित पक्कं आहे, हे मान्य करायला हवं.

मोठ्या सोसायट्यांतल्या लोकांचं आणि गावाचं फारसं जमत नाही. सोसायटीला पहाटेचा काकडा नको, कोंबडा नको, शेणाचा वास नको. गावाला सोसायटीचं ओढ्यात येणारं सांडपाणी नको. दोघांचं बरोबर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंढवा-केशवनगरच्या अंगाला नदीवर डासांची वावटळ उठल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा मात्र दोघांनी एकदिलाने जलपर्णीला शिव्या दिल्या. डास एवढे होते, की आठवडाभर संध्याकाळी कुंपणावरच्या गप्पा बंद होत्या, आणि त्या काळात गल्लीत काय घडलं ते मला आजही माहीत नाही.

खरी भीती वाटली ती जानेवारी २०२५ मध्ये. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरीत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले. हातपाय लुळे पडलेली माणसं, आणि बोट दाखवलं गेलं ते दूषित पाण्याकडे. नांदेड-किरकटवाडी आमच्यासोबतच पालिकेत आलेली, पाणी तिथेही विहिरीचं. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्यांना एकदम पुतण्याची विहीर बघायची इच्छा झाली. सर कडेला उभे राहून आत वाकून बघत होते, जणू जंतू दिसणार. पुतण्या चिडला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचं पोतं आणलं आणि सगळ्यांना दिसेल असं ओट्यावर ठेवलं. चहाला आठ दिवस त्या पावडरीचा वास. नानींनी मात्र स्वतःसाठी पाणी उकळायला सुरुवात केली, आणि मला हळूच सांगितलं, “तुमीबी उकळा. त्याला सांगू नका.” घरच्या विहिरीबद्दल घरच्याच माणसाने एवढं सांगितलं, यावरून शेजार म्हणजे काय ते मी ओळखलं.

आता नळाचे पाइप टाकायचं काम गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय. नळ आला की टँकर थांबतील, असं आम्ही म्हणतो; पुतण्याने तिसरा टँकर घेतला, यावरून त्याचा अंदाज वेगळा दिसतो. पाण्याच्या बाबतीत मी माझ्यापेक्षा त्याच्या अंदाजावर जास्त भरवसा ठेवते.

या बाजूला कोणी घर बघायला येणार असेल, तर एवढंच सांगते. नमुना फ्लॅट, जिम, पोहण्याचा तलाव सगळं बघा, पण नंतर जवळची भरायची विहीर शोधा आणि सकाळी सहाला तिथे टँकरची रांग मोजा. सातबाऱ्यावर नावं किती, तेही मोजा. आणि यायचं तर एप्रिल-मे महिन्यात या. पावसाळ्यात इथे सगळ्यांकडेच पाणी असतं.