गच्चीवरचे बागाईतदार

मामांकडे मे महिन्यात गेलं, की हातात पाण्याचा पेला पडायच्या आधी गच्ची बघावी लागते. रात्रभर एसटीत अवघडून आलेला माणूस असो की कडेवर झोपलेलं पोर, मामा दारातच म्हणतात, "बॅगा राहू द्या तिथेच. आधी एक गंमत दाखवतो." गंमत म्हणजे बहुधा वांग्याला आलेलं फूल. आपण "वा!" म्हणायचं. एका "वा"वर मामांचं भागत नाही. ते फुलाचा काटेरी देठ अलगद चिमटीत धरतात, हे साधंसुधं वांगं नसून मांजरी गोटा असल्याचं सांगतात, आणि पाहुणा रणरणत्या उन्हात उभा राहून अजून न धरलेल्या भरल्या वांग्याची चव ऐकतो.

असा एक गृहस्थ हल्ली बहुतेक घरांत सापडतो. कुठे तो काका असतो, कुठे सासरे. आमच्याकडे मामा आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक कुणी टेकडी चढायला लागतात, कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायला. मामा शेतीला लागले. त्यांच्या कुंड्यांचं पाणी खालच्या छतात उतरत असल्यामुळे सेक्रेटरीच आपणहून भांडायला वर येतो. त्यालाही आधी वांग्याचं फूल बघावं लागतं.

गच्ची वीस बाय दहाची. कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. मामा तिला मळा म्हणतात. "कुणी विचारलं तर मी मळ्यात आहे," असं सांगून ते स्वयंपाकघरातून सहा पावलं चालत जातात. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणतात, "मळ्यातून येताना वाळलेले कपडे घेऊन या." टीव्हीवर पाऊस लांबल्याची बातमी लागली, शेतकरी चिंतेत असल्याचं निवेदिकेने सांगितलं, की मामा सुस्कारा टाकतात आणि मृगाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजतात. गच्चीच्या कोपऱ्यात नळ आहे, ही गोष्ट त्या वेळी कुणी काढायची नसते.

या उन्हाळ्यात मामांनी जीवामृत करायचं ठरवलं. सुभाष पाळेकरांचं प्रमाण त्यांना पाठ आहे: एकराला 200 लिटर पाणी, त्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. इंजिनीअर झालेल्या मावसभावाने मोबाइलवर गणित मांडलं. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट आणि आपला मळा 200. "मामा, तुम्हाला लिटरभर पुरे." मामा जन्मभर आकड्यांत वावरलेले, त्यांना हिशेब पटला. पण ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तरी किमान शिल्लक वीस लिटर ठेवावीच लागते." शेण स्कूटरवरून आलं. बांध नसल्यामुळे माती वेताळ टेकडीवरून आली. बेसन कुठून आलं, ते मामी दुपारी पिठल्यासाठी डबा उघडायला गेल्या तेव्हा कळलं. पुढचे दोन दिवस सुट्टीला आलेल्या पोरांनी पाळीपाळीने ते पिंप काठीने ढवळलं, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटं ढवळणाऱ्याला त्या दिवशी आंबा नाही. आत्या नगरहून आल्या आणि जिन्यातच नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं, ड्रेनेज तुंबलंय का तुमचं?"

पाण्याचा कारभारही मामांच्याच हाती. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, प्युरिफायरच्या नळीतून वाया जाणारं पाणी, सगळं बादलीत. त्यातून महापालिकेने आठवड्यात एक दिवस पाणी बंद ठेवलं, की पाहुण्यांच्या आंघोळी आणि मिरच्या यांत मिरच्यांचा नंबर आधी लागतो. जावयाला तांब्याभर पाणी कमी पडलं तर तो बोलत नाही. मिरची लगेच मान टाकते, हा मामांचा मुद्दा तसा बिनतोड आहे.

पण खरा सोहळा दुधी भोपळ्याचा. वेल गजांवरून टाकीपर्यंत गेला, पांढरी फुलं लागली आणि बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळायला लागले. चौथ्या मजल्यावर किडा-पाखरू फिरकत नाही म्हणताना मामांनी ते काम स्वतःकडे घेतलं. दुधीची फुलं दिवेलागणीला उमलतात. सगळी मंडळी जेवायला बसायच्या सुमारास मामा हाक मारतात, आणि हातातला घास ठेवून दोघा-तिघांना टॉर्च धरायला जावं लागतं. नराच्या फुलाला नुसता लांब देठ, मादीच्या फुलामागे इवलासा लवदार दुधी. मामा नराचं फूल खुडतात, पाकळ्या सोलून काढतात आणि उरलेली पिवळी कणी मादीच्या फुलात श्वास रोखून टेकवतात. लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचं काम मामाचंच. इथे वरही मामाच आणतात, मुहूर्तही तेच बघतात. आत्यांनी एकदा भक्तिभावाने तांदळाचे चार दाणे टाकले. त्यातला एक दाणा फुलात गेला म्हणून मामा दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

मामींचे धाकटे भाऊ नारायणगावजवळ टोमॅटो करतात. ते आले ते खांद्यावर वीस किलोचं कॅरेट घेऊनच. "भाव पडलाय, ताई. म्हटलं, घरची माणसं तरी खातील." मामांनी कॅरेट दारातच ठेवायला लावलं आणि त्यांना गच्चीवर नेलं. चार कुंड्या, वर हिरवी शेडनेट, आणि सगळ्यांत मिळून एक लालबुंद टोमॅटो. मेहुणे त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

"फूलगळ झाली, दाजी."

"ऊन फार. यंदा सगळीकडेच आहे," मामा एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगावं तसे म्हणाले.

"उतारा काय पडला?"

"आजपर्यंत अकरा."

"कॅरेट?"

"टोमॅटो."

मामांनी रोजकीर्द पुढे केली. प्रत्येक टोमॅटोची तारीख आणि वजन, बँकेतल्या त्याच टपोऱ्या अक्षरात. मेहुण्यांनी पानं उलटली. "आन् खर्चाचं पान?" मामा म्हणाले, "ते तुझ्या बहिणीला तोंडपाठ आहे." मग त्यांनी मेहुण्यांना जीवामृत कसं करायचं ते समजावून सांगितलं. बाजारात पडेल त्या भावाला गाडी रिकामी करून आलेला तो माणूस "करतो, दाजी" म्हणत शेवटपर्यंत ऐकत राहिला. एवढं सौजन्य माझ्यात नाही. मधेच त्यांनी उकिडवं बसून खोडाला करकचून आवळलेली सुतळी सोडली, बोट जाईल इतकी सैल बांधली आणि म्हणाले, "खोड जाड झालं की कापतं हे." दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मामा ती गाठ दाखवू लागले. स्वतःचा शोध म्हणून.

दुधी मात्र धरला. एकच. वीतभर झाला तेव्हा मामी सुरी घेऊन गेल्या, तर मामा आडवे आले. "आत्याबाईंची सून यायची आहे. तिला दाखवायला नको?" सून आली, फोटो झाले. मग सोलापूरचे व्याही यायचे होते. शेवटचा पाहुणा बघून गेला तोवर दुधी हातभर झाला होता. मामींनी नख लावून पाहिलं; नख रुतेना.

"आता मिरजेला पाठवा," त्या म्हणाल्या. "तंबोरा तरी होईल."

"बियाण्याला ठेवलाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी रोजकीर्दीचं नवं पान उघडलं. निघणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे दहा-दहा बिया मांडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मामा, आमच्याकडे गच्ची नाही."

मामांनी चष्मा वर केला. "ग्रिल किती बाय कितीचं आहे?"