बारमाही रोहित

रोहित पक्षी थंडीच्या तोंडावर नवी मुंबईच्या खाडीत येतात आणि पावसाळा लागला की निघून जातात. ज्या शहरानं स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेतलं, त्याच्याकडे भर पावसाळ्यात दाखवायला फ्लेमिंगोच नाही! बाहेरगावचा पाहुणा आला तर काय सांगणार, रजेवर गेलेत? म्हणून फायबरचे बसवले. आता चौकात, दुभाजकावर, बागेच्या दारात गुलाबी माना बारा महिने वाकलेल्या.

माझी तक्रार नाही. उलट खऱ्या रोहिताचेच नखरे फार. पिल्लू जन्मतं करड्या रंगाचं. गुलाबी व्हायला त्याला शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खात काही वर्षं काढावी लागतात. शेवाळाला उथळ पाणी हवं, पाण्याला भरती-ओहोटीची वाट मोकळी हवी, आणि खाडीकाठच्या जागेचा चौरस फुटाचा भाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. फायबरवाल्याला रंगाचे दोन हात पुरतात.

आमच्या चौकातला रोहित पंख पसरून उभा आहे, एका पायावर. येणारे-जाणारे कौतुक करतात, काय हुबेहूब केलाय! दुसरा पाय टेम्पोनं नेला, हे आम्हा जुन्या रहिवाशांनाच माहीत. उरलेल्या पायातून सळई डोकावते. गळ्यात भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मध्यंतरी एक पोरगा शिडी लावून त्याला रंग देत होता. मी खालून म्हटलं, “अरे, पंखांची कड काळी असते ना?”

“काका, काळा ऑर्डरीत नाहीये.”

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चांगलंच झालं. पण फीत कापायला चिखलात उतरणार कोण? पुतळ्यापुढे कसा मांडव घालता येतो, खुर्च्या मांडता येतात.

शिवाय सुरक्षितता. २०२४ च्या फेब्रुवारीत नेरुळ जेट्टीजवळच्या फलकावर आपटून काही रोहित मेले. त्याच उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट बुजली आणि तळं आटलं. मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत सुमारे ३९ गेले. या सगळ्या काळात चौकातल्या एकाही रोहिताला खरचटलं नाही. (टेम्पोचं प्रकरण त्याच्या आधीचं.) पाणी आटलं म्हणून एकानंही जागा सोडली नाही. मोजायला सोपे, एक धरून दुसरा विसरायची भीती नाही. पक्षीगणनेला दुर्बीण घेऊन पहाटे उठणारी मंडळी उगाच झोपमोड करून घेतात. निविदेच्या कागदावर आकडा अक्षरी लिहिलेला असतो.

आता तळंही फायबरचं करावं अशी सूचना मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडली. निळा रंग, वर दिवे. डास तेवढे खरे ठेवू, ते आपल्याकडे स्थानिक आहेत. टाळ्या पडल्या. मी उपहासानं बोललो होतो, हे सेक्रेटरींना घरी जाऊन सांगावं लागलं.

परवा सकाळी पाहतो तर आमच्या रोहिताच्या मानेच्या बाकात कावळ्याची जोडी तारा आणून घरटं रचत होती. दुपारपर्यंत तोच पोरगा शिडी आणि काठी घेऊन हजर.

“आता काय झालं रे?”

“तक्रार गेलीय, काका. पक्ष्यावर पक्षी बसतोय म्हणून.”