एक रुपया आला का?

शनिवारी सकाळी मंडईत आमच्यापुढे एक गृहस्थ उभे होते. हातात मेथीची गड्डी, भाव वीस रुपये. समोर मावशी, मावशींच्या तराजूला सुतळीने बांधलेला स्कॅनर आणि त्याच्या शेजारी तो बोलणारा डबा. गृहस्थांनी फोन काढला, स्कॅन केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मावशी, आधी एक रुपया पाठवून बघतो हं."

मेथीच्या गड्डीसाठी!

डबा ओरडला, एक रुपया मिळाला. पण गृहस्थांचा डब्यावर विश्वास नव्हता. "आला का मावशी?" मावशींचा फोन मुलाकडे आणि मुलगा टेम्पोतून कांद्याची पोती उतरवतोय. त्याला हाक गेली. तो आला, पँटला हात पुसले, फोन उघडला, म्हणाला, "आलाय." तोवर आमच्यामागे सहाजण जमले होते. आता गृहस्थांपुढे दुसरा पेच. "मग एकोणीस पाठवू की वीस?" मावशी म्हणाल्या, एकोणीस. गृहस्थ म्हणाले, एकोणिसाने हिशेब विस्कटतो, महिनाअखेर आठवत नाही एकोणीस कशाचे ते. त्यांनी वीस पाठवले. म्हणजे मावशींकडे रुपया जास्त झाला. सुट्टा रुपया मावशींकडे नाही, असणार कुठून? मग त्यांनी त्या रुपयाच्या बदल्यात कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकल्या.

आमचा संताप झाला तो या कढीपत्त्याने. भाजीवर दोन काड्या कढीपत्ता फुकट, हा आमचा पिढीजात हक्क. त्याला आजवर भाव नव्हता. या इसमाने भर मंडईत त्याचा भाव फोडला. दोन काड्या एक रुपया. आमचा नंबर आला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे हात पुढे केला, तर मावशींनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही मुकाट्याने हात मागे घेतला.

आता कुणी म्हणेल, सावधगिरी काय वाईट? अहो, खाते क्रमांक हाताने टाकायचा असेल, घराची अनामत भरायची असेल, तर आधी रुपया पाठवणं हे शहाणपणच. एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्या खात्यात. पण स्कॅनर समोर, मेथी समोर, मावशी समोर! शिवाय स्कॅन केल्यावर समोरच्याचं नाव येतं. जून २०२५च्या अखेरीपासून तर बँकेत नोंदलेलं खरं नावच दिसलं पाहिजे असा नियम आहे. पण नाव वाचायचं सोडून हे रुपया सोडतात. आणि रुपया सोडला की शिल्लक बघतात. मग उरलेले पाठवून पुन्हा शिल्लक बघतात. ऑगस्ट २०२५पासून एका अ‍ॅपवर दिवसात पन्नास वेळाच शिल्लक बघायची मर्यादा आली, तेव्हा आम्ही हसलो होतो, की पन्नासदा बघतं कोण. शनिवारी आम्ही त्यांना पाहिलं.

पूर्वी घेणारा नाणं वाजवून घ्यायचा. आता देणारा वाजवून देतो, आणि वाजतो तो डबा. रुपयाची जागासुद्धा बदलली. आहेराच्या पाकिटावर तो शेवटी यायचा. शंभराची नोट आत, रुपयाचं नाणं पाकिटाला बाहेरून चिकटवलेलं. रुपया म्हणजे वरचा मान होता, शंभर गेल्यावर मागून येणारा. आता तो एकटाच पुढे येतो, दार वाजवतो, "मी आलो, बाकीचे मागून येतायत" असं सांगतो आणि आपण चहाचं आधण चढवून बसतो. बाकीचे येत नाहीत.

येत नाहीत, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. मे महिन्यात आमच्या इमारतीतली चार बिऱ्हाडं गणपतीपुळ्याला गेली. टेम्पो ट्रॅव्हलर, दोन मुक्काम, आंबोळ्या, मासे, सगळं धरून बिऱ्हाडामागे ४,८०० रुपये. खर्च आम्ही केला, कारण किनाऱ्यावर फक्त आमच्याच फोनला रेंज होती. परतल्यावर दोघांनी त्याच रात्री पैसे पाठवले. तिसऱ्या मजल्यावरचे जिन्यात भेटले, फोन काढून म्हणाले, "आत्ता एक रुपया पाठवतो, बघा आला का." आला. आम्ही म्हणालो, आला. ते म्हणाले, "वा, म्हणजे नंबर बरोबर आहे," आणि वर निघून गेले. याला सात महिने झाले. या सात महिन्यांत आम्ही त्यांना जिन्यात, लिफ्टमध्ये, आरतीला, कोजागिरीच्या मसाला दुधाला भेटलो. प्रत्येक वेळी ते हसले, कारण त्यांच्या मते व्यवहार सुरळीत चालू आहे. सांगायचं तरी काय? पैसे आले नाहीत म्हणावं तर आले आहेत, आमच्याच तोंडाने आम्ही "आला" म्हटलंय. उधारी बुडवणारा परवडला, त्याला निदान तोंड चुकवावं लागतं. एका रुपयात या माणसाने सात महिने ताठ मानेने जिना चढण्याचा परवाना घेतला! पासबुक भरून आणलं तर त्यात ती नोंद आहे. एक रुपया. वरती दूधवाला, खालती वीजबिल, आणि मध्ये हा दीडदमडीचा सावकार उभा.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे, हे सदर तुमच्याकडे येतं हे आम्हाला ठाऊक आहे, कारण अंक तुम्ही आमच्याच दारातून उचलता. नंबर बरोबर आहे. रुपया पोचला आहे. आता ४,७९९ पाठवा. हिशेब विस्कटत असेल तर पूर्ण ४,८०० पाठवा, वरच्या रुपयाचा कढीपत्ता आम्ही आणून देतो.