विषय क्रमांक सात : शिक्रा

कबुतरांवर उपाय म्हणून आमच्या सोसायटीने काय केलं नाही ते विचारा. ड्राय बाल्कन्यांना जाळ्या बसवल्या. एसीच्या आउटडोअर युनिटवर खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या. जुन्या सीड्या दोऱ्याला टांगल्या. एका सभासदाच्या लग्नाची सीडी तर त्याच्या बायकोनेच हौसेने आणून दिली. शेवटी प्लॅस्टिकचं घुबड आणलं, तर पारव्यांनी त्याच्याच पंखाखाली दोन काड्या टाकून अंडी घातली. त्यामुळे मागच्या सोनमोहरावर खराखुरा शिकारी पक्षी येऊन बसलेला दिसला, तेव्हा निविदा न मागवता, तीन कोटेशनं न घेता देवानेच कंत्राटदार पाठवला, असं सेक्रेटरींचं मत पडलं.

पक्षी होता शिक्रा. पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, गळ्यावर मधोमध एकच उभी रेघ आणि डोळे लालबुंद. म्हणजे नर. मादी त्याच्यापेक्षा मोठी असते. घरट्यावर ती बसते आणि हा सडपातळ गृहस्थ शिकार करून तिला डबा पोचवतो. (ही माहिती मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यावर महिला मंडळाचे अंगठे धडाधड आले, पुरुषवर्ग मात्र अजून ‘टायपिंग’मध्येच आहे.) शिक्रा काही दुर्मिळ पाहुणा नाही. पुण्या-मुंबईत जिथे चार मोठी झाडं एकत्र उरली आहेत तिथे तो असतोच. फक्त तो पानांच्या आडोशाला बसतो, आणि आपण झाडाकडे बघतो ते गाडी सावलीत लागते का, एवढंच पाहायला.

तर वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘विषय क्रमांक सात : शिक्र्याकडून कबुतरांचा बंदोबस्त करून घेणेबाबत’ असा रीतसर विषय आला. ज्यांचा मुलगा लंडनला असतो ते काका उठले. (मुलगा लंडनला असलेले काका प्रत्येक सोसायटीत असतात, आणि ते प्रत्येक विषयावर उठतात.) ते म्हणाले, ‘विम्बल्डनला रूफस नावाचा हॅरिस हॉक ठेवलाय. सामने सुरू व्हायच्या आधी कोर्टावरून फिरवतात. कबुतरांची हिंमत नाही फिरकायची!’ सभा भारावली. रूफस कबुतरं खात नाही, नुसता दरारा ठेवतो. त्याला पाळणारं, वेळेवर चारणारं माणूस असतं, हा तपशील इतिवृत्तात आला नाही. शिक्र्याला मेंटेनन्स माफ करावा, अशी सूचना आली. खजिनदारांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, कॉमन एरियात राहणाऱ्याला माफी कसली, त्याच्याकडून पार्किंग चार्जेस घ्यायला हवेत. तेवढा भाग वगळून ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढच्या रविवारी सकाळी गॅलऱ्या भरल्या. चहाचे कप, पोहे, एक दुर्बीण. शिक्रा फांदीवर हललाही नाही, पण खबर आधीच फुटली होती. एक खार खोडाला उलटी चिकटून शेपटीला झटके देत चिरकायला लागली आणि थांबेचना. बुलबुलांनी कल्ला केला. कोतवालाने तर वरून सूर मारून शिक्र्याच्या डोक्यावर टोच मारायचा प्रयत्न दोनदा केला. आमचा वॉचमन बारा हजारांत जेवढं करत नाही तेवढं हे तिघं फुकट करत होते. पारवे मात्र पॅरापेटवर ओळीने बसून माना फुगवून घुमत होते. त्यांना कसली घाई नव्हती.

मग तो निघाला. झाडावरून सरळ खाली पडल्यासारखा आला, उभ्या स्कूटरींच्या सीटवरून जमिनीलगत, दोन-चार झपाट्याचे पंख आणि मग नुसतं तरंगणं, पारव्यांच्या ओळीखालून गेला आणि मीटर रूमच्या भिंतीवरून काहीतरी उचललं. परत फांदीवर. पंजाखाली दाबून धरलेल्या त्या जिन्नसाची शेपूट अजून वळवळत होती. दुर्बीणवाल्यांनी जाहीर केलं, ‘सरडा आहे.’

गॅलऱ्यांत शांतता पसरली. ‘सरडा?’ खजिनदार म्हणाले. ‘सरड्याचा विषय अजेंड्यावर नव्हता.’

शिक्र्याची बाजू मांडायला कोणी नाही म्हणून मी मांडतो. तो लांबीला पारव्याएवढा दिसतो, पण वजनाला निम्म्याच्या आसपास. सरडे, उंदीर, नाकतोडे, लहान पक्षी, सापडलं तर खारीचं पिल्लू, हा त्याचा आहार. धडधाकट पारवा उचलायचा तर बहिरी ससाणा हवा. तो आकाशातून ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने खाली झेपावतो. मुंबईच्या टॉवरांवर तो हिवाळ्यात येऊन बसतो. आमची इमारत चार मजली. तेवढा वेग घ्यायला एफएसआयच कमी पडतो.

पण खरी पंचाईत पुढे झाली. शिक्र्याने कचऱ्याच्या खोलीजवळचा उंदीर नेला तेव्हा टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी त्याने बुलबुलाचं पिल्लू नेलं आणि सोसायटी हळहळली. त्याच फांदीवर, त्याच पद्धतीने, आधी पिसं उपटून मग मांस. ‘अहो, कालच उडायला शिकत होतं हो ते,’ म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ताट वाजवून त्याला हुसकलं. याच काकू सकाळी कुंपणावर भारद्वाज दिसला की हात जोडतात, दिवस चांगला जाणार म्हणून. भारद्वाज कुंपणात काय करत असतो? बुलबुलाचं घरटं शोधत असतो. अंडी आणि पिल्लं त्याला फार आवडतात. पण त्याला शकुनाचं लायसन्स आहे, शिक्र्याला नाही.

तक्रारींचा ओघ लागला. गाडीच्या बॉनेटवर पिसं पडतात. बाळ झोपलेलं असताना तो ‘टिटू-टिटू’ ओरडतो. एका सभासदाने लिहिलं की आपली सोसायटी पहिल्यापासून शाकाहारी लोकांची आहे, बिल्डरने तसं तोंडी सांगितलं होतं. एका उत्साही तरुणाने गलोल सुचवली, तेव्हा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला वाचून दाखवावा लागला. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. आम्हीही मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो. भिंतीवर लागलेल्या चित्रांत पोपट पेरू खातो, चिमणी दाणे टिपते, मोर नुसताच नाचतो. कोणी काही मारून खात नाही. पक्षिप्रेमाची आमची अट तेवढीच आहे.

आता कबुतरांचं. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, तेव्हा ऑगस्ट २०२५मध्ये लोकांनी ती फाडून काढली. तेवढं धाडस आमच्याकडे नाही. आमच्याकडे पुण्यकर्म गच्चीवर गुपचूप चालतं. रोज सकाळी ओंजळभर ज्वारी पडते, आणि ती टाकणाऱ्या हाताच्या फ्लॅटला सगळ्यात जाड जाळी आहे. खालच्यांच्या खिडकीत जी विष्ठा वाळते तिची धूळ फुप्फुसात जाऊन आयुष्यभराचं दुखणं होऊ शकतं, हे छातीचे डॉक्टर सांगून थकले. फुकट दाणा आणि बसायला सिमेंटच्या कडा मिळाल्या की पारवे वाढतात. त्याला शिक्र्याने काय करावं? गच्चीच्या दाराला कुलूप त्याला लावता येत नाही.

कमिटीच्या ताज्या बैठकीत सोनमोहराची ‘धोकादायक’ फांदी उतरवायचं ठरतं आहे. धोका वाऱ्याचा नाही, पिसांचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सेक्रेटरीसाहेबांना जाहीर विनंती : त्या फांदीवर आता दोन शिक्रे काड्या नेत आहेत. मार्च ते जून त्यांचा विणीचा हंगाम असतो. छाटणीला महापालिकेची परवानगी लागतेच, तो अर्ज जुलैत करा. गच्चीची किल्ली आजच स्वतःकडे घ्या. आणि ज्यांना पिसांचा त्रास होतो त्यांनी तोवर गाडी गेटजवळ लावावी, तिथे सावली नाही, पण शिक्राही नाही.