कोणत्या नात्याने?

खिशाला पेनाऐवजी रबरी शिक्का लावून हिंडणारे डायरेक्टर तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमच्याकडचे चकलीची भाजणी विकतात. प्रायव्हेट लिमिटेड! कायद्याला किमान दोन संचालक लागतात, म्हणून दुसऱ्या वहिनी.

दिवाळीआधी त्यांच्याकडे चहाला गेलो. आत भाजणी भाजली जात होती. कपबशीच्या आधी पाचशेचा स्टॅम्पपेपर समोर आला. गोपनीयतेचा करार!

"अहो, मी चहा प्यायला आलोय."

"कोणत्या नात्याने?"

भाजल्या धण्यांचा वास नाकात गेला, एवढाच माझा गुन्हा.

हे खूळ एका सहीतून शिरलं. एका यंत्रवाल्याशी त्यांनी असाच करार केला होता. कागदावर कंपनीचं नाव कुठेच नाही. खाली नुसतं स्वतःचं नाव आणि झोकदार सही. पुढे माहिती फुटली म्हणून नोटीस आली, ती थेट घरी, यांच्या नावाने. वकिलाने 1872 च्या करार कायद्याचं कलम 230 काढलं. दुसऱ्याच्या वतीने करार करणारा सहसा स्वतः बांधला जात नाही. पण वतीने केलाय हे कागदाला कळायला नको?

तेव्हा शिक्का आला. खरं म्हणजे कायदा बघतो तो सही कोणातर्फे आणि कोणत्या अधिकाराने, एवढंच. कंपनीचा कॉमन सीलही 2015 पासून सक्तीचा नाही. पण हे त्यांना सांगायला गेलो, तर "हे तुम्ही कोणत्या नात्याने सांगताय?"

गणपतीची वर्गणी ते 'व्यक्तिशः' देतात. मुलीचं प्रगतिपुस्तक 'डायरेक्टर' असा शिक्का मारून शाळेत गेलं आणि तसंच परत आलं. 1896 साली लंडनच्या सालोमन नावाच्या बूटवाल्याच्या खटल्यात मालक वेगळा आणि कंपनी वेगळी ठरली, हे तर असं सांगतात, जणू सालोमन त्यांचा मामेभाऊ.

पंचाईत झाली ती एकदाच. एका बड्या खरेदीदाराने कंपनीतर्फेही सही मागितली आणि व्यक्तिशःही. उद्या तुम्ही कंपनी सोडलीत तर आमची गुपितं तुमच्याच डोक्यात जाणार ना, म्हणाला. डोकं एक, सह्या दोन! दोन सह्यांच्या मध्ये हे पाच मिनिटं थांबले. खुर्चीतून एक जण उठून दुसरा बसायचा असावा.

यंदा वहिनींचं ऑपरेशन होतं. सोबत मी गेलो होतो (नातं कोणी विचारलं नाही). नर्सने संमतीपत्र पुढे केलं. सहीशेजारी रकाना : 'रुग्णाशी नातं'. यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच परतला. शिक्का घरी राहिला होता. पेन कागदाला टेकेना.

स्ट्रेचरवरून वहिनी म्हणाल्या, "लिहा की हो. व्यक्तिशः."

त्यांनी 'पती' लिहिलं. खालची सही मात्र झोकदार आली नाही. पहिल्या अक्षराशीच पेन दोनदा अडलं.