आपोआप स्वच्छ

चिरंजीवांनी दिवाळीच्या सेलमध्ये हवा शुद्ध करण्याचं यंत्र घेतलं. हप्त्यावर. बिलात जीएसटी 18 टक्के. नुसता श्वास अजून करमुक्त आहे, पण जरा बरा घ्यायचा म्हटला की ती चैन. खोक्यावर ठळक अक्षरात 'सेल्फ क्लीनिंग' असं छापलेलं. म्हणजे काय रे, असं आमच्या हिने विचारलं.

"आई, ते आपोआप स्वच्छ होतं. तुला काही करायला नको."

ही नुसती हसली. लग्नाला 31 वर्षं झाली, या घरात आपोआप काय काय होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पिंप आपोआप भरतं, तांब्यापितळेची भांडी आपोआप लखलखतात आणि माझ्या शर्टाची कॉलर दर सोमवारी आपोआप पांढरी होते.

यंत्राच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना होती: भिंतीपासून एक फूट अंतर सोडावे. लालबागच्या चाळीतली आमची खोली 10 बाय 18. एका भिंतीपासून फूटभर सरकलं की माणूस समोरच्या भिंतीचा पाहुणा होतो. शेवटी देव्हारा आणि फ्रिज यांच्यामध्ये त्याची स्थापना झाली.

आता हिशेब. खोलीत हवा साधारण 50 घनमीटर. यंत्र तासाला 300 घनमीटर हवा गाळतं असं खोकं म्हणतं. म्हणजे तासाभरात खोलीची हवा सहा वेळा धुऊन निघायला हवी. हिशेब चोख आहे, अट एकच: दार बंद पाहिजे. चाळीत दिवसाउजेडी दार बंद दिसलं की तीनच शक्यता धरतात. भांडण, आजारपण किंवा सोयरीक. पहिल्याच दुपारी अर्ध्या तासात चार जणी चौकशीला येऊन गेल्या. दार उघडं ठेवलं, तर यंत्र सबंध मजल्याची हवा शुद्ध करायला बसलं. मीटर आमचा, हवा सामाईक.

तरी सहा महिने निष्ठेने वापरलं, म्हणून अभिप्राय द्यायचा मला अधिकार आहे. रात्री दार-खिडकी लावून घेतली की यंत्रावरचा 140चा आकडा अर्ध्या तासात 15च्या खाली येतो. हिचा पहाटेचा खोकलाही कमी झाला. यंत्र कामाचं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पंचाईत आहे ती त्याच्या खरं बोलण्याची. पुढ्यात एक दिवा आहे, हवा बरी असली की हिरवा, बिघडली की लाल. आत लेझरचा झोत असतो, त्यात कण चमकले की ते मोजतं. कण कुठल्या जातीचा, कुठल्या भावनेचा, हे त्याला कळत नाही. उदबत्ती लावली, लाल. धूप घातला, लाल. कुकरची वाफ जवळून गेली तरी लाल. शेजारच्या काकूंनी आरतीच्या वेळी त्याचं तोंड पाहून निकाल दिला, "मेलं नास्तिक आहे." खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मिरची गल्लीतले मसाला कुटायचे डंख दिवसभर चालू, मजल्यावर तीन घरांत मसाल्याचं भाजणं, बेडगी आणि संकेश्वरी एकाच वेळी कढईत. यंत्राने आधी 400 दाखवले, मग 700, मग 999. त्यापुढे त्याच्याकडे आकडेच नाहीत. आम्ही सगळे शिंकत होतो आणि ते थरथरत होतं.

तसं पाहिलं तर मुंबईसुद्धा सेल्फ क्लीनिंगच. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना येणारे. शहराने हवेत सोडलेलं सगळं ते समुद्रावर नेऊन टाकायचे आणि उरलेलं पावसाळ्यात धुऊन निघायचं. या भरवशावर 1850च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली, मग गिरणगावभर धुराडी उभी राहिली. 1912 साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला, तरी मुख्य भिस्त वाऱ्यावरच. घरची बाई करते तसं वारासुद्धा सगळं निमूट करत होता, म्हणून त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

2022-23च्या हिवाळ्यात तो रुसला. शास्त्रज्ञांनी ला निनाकडे बोट दाखवलं. पॅसिफिकमध्ये पाणी थंड झालं म्हणून लालबागला खोकला! हे ऐकून सगळ्यात बरं बिल्डरांना वाटलं असणार. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी 27 कलमी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयानेही आपण होऊन दखल घेतली. 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती 35 फूट उंच पत्रे लावावेत, असं त्या नियमावलीत आहे. पत्रे लागलेही. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे. मी दोरी सोडून मोजलं, कठडा बरोबर 36व्या फुटावर येतो.

दादरकरांचं दुःख निराळं. शिवाजी पार्कच्या लाल मातीने तिथले रहिवासी वर्षानुवर्षं हैराण आहेत. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, माती काढायच्या चर्चा झाल्या. आमची धूळ करडी, त्यांची तांबडी, एवढाच मध्यमवर्गात आणि आमच्यात फरक उरला आहे.

मर्यादांबद्दल काय बोलावं? सूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. आपल्याकडे 40 चालतात. सरकारी हिशेबाने भारतीय फुप्फुस आठपट दणकट.

आता 'आपोआप'कडे येतो. रात्री तीन वाजता यंत्रातून खर्रर्र असा आवाज येतो. पुढच्या जाळीवरून एक ब्रश फिरतो, जाळीवरचा कचरा झाडतो आणि तळाच्या ट्रेमध्ये पाडतो. झाली स्वच्छता! जाळीच्या मागे नऊवारीच्या निऱ्यांसारखा घड्या घातलेला जाड कागद असतो, खरं काम तोच करतो. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरायचे, ही त्या जातीच्या कागदाची कसोटी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबॉम्ब बनवायला घेतला, तेव्हा किरणोत्सारी धूळ अडवायला अशी गाळणी तयार झाली. त्या कागदाला ब्रश शिवतसुद्धा नाही. तो वर्षाने बदलायचा. किंमत विचारली, तेव्हा चिरंजीवांनी आवाज एकदम खाली आणला.

आणि ट्रे? तो कोण ओतणार, याबद्दल पुस्तिका म्हणते, 'रिकामा केला जावा.' कोणाकडून, ते लिहिलेलं नाही. मराठी घरात अशा वाक्याचा कर्ता लिहावा लागत नाही.

हिने ट्रे काढला. आत राखाडी, मऊ, बोटभर जाडीची गादी बसलेली. पलीकडच्या खोलीतले अण्णा पेपर मागायला आले होते. अण्णा गिरणीत ब्लोरूमला होते, 1982च्या संपापर्यंत. कापसाच्या गाठी फोडायचं ते खातं, सगळ्यात जास्त तूस तिथेच. रविवारची सुटी झाली की सोमवारी छाती आवळायची, असं ते सांगतात. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला बिसिनोसिस म्हणतात, खात्यात 'सोमवार आला' म्हणत. अण्णांनी चिमूट उचलली, अंगठ्यावर घासली, खिडकीच्या उजेडात धरली.

"हा आपला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कापूस असता तर बोटाला चिकटून राहिला असता. हा बघ, घसरतो. सिमेंट आहे. थोडा टायरचा काळा, थोडी मिरची." मग पूर्वी भोंगा होता तिकडच्या क्रेनकडे पाहून म्हणाले, "जागा तीच आहे, खातं बदललंय."

त्यांनी चिमूट परत ट्रेमध्ये ठेवली. खाली नाही टाकली. जुनी शिस्त.

गॅलरीतून झटकावं तर खालच्या मजल्याशी आधीच मोरीच्या पाण्यावरून बोलणं बंद. मोरीत ओतावं तर सिमेंटने ती तुंबायची. म्हणून हिने या सदराच्या मागच्या आठवड्याच्या कागदात त्याची पुडी बांधली, वर रबर लावलं आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या हातात दिली. मावशींनी पुडी तळहातावर तोलून पाहिली.

"काय आहे हो ताई?"

"हवेतलं आहे."

मावशींनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं.

"ओला की सुका?"