कॅमेऱ्याला माया लावू नका

जानेवारीत लेहचा रात्रीचा पारा शून्याखाली 15 अंशांपर्यंत सहज उतरतो. द्रासचे तर नावच काढू नये. तिकडे निघालेल्या मराठी पर्यटकाच्या सामानात स्वतःसाठी एक कानटोपी आणि कॅमेऱ्यासाठी तीन आवरणे असतात. आमच्या शास्त्रोक्त मते ही वाटणी उलटी आहे, कारण कॅमेऱ्याला थंडीपेक्षा माया जास्त बाधते. ऊब लागते ती फक्त बॅटरीला. लिथियम-आयन बॅटरीतला द्रव गारठ्यात दाट होतो, आयनांची ये-जा मंदावते, व्होल्टेज घसरते आणि कॅमेरा ‘बॅटरी संपली’ असे जाहीर करून मोकळा होतो. संपलेली काहीच नसते. खिशात उबवली की तीच बॅटरी पुन्हा कामावर रुजू होते. म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या बंडीत ठेवाव्यात, रात्री पांघरुणात घ्याव्यात. जोडीदाराने हरकत घेतल्यास त्याची क्षमता किती मिलिअँपिअर-तास, एवढेच विचारावे. मात्र गारठलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर चढतो, आणि ती इजा कितीही कुरवाळले तरी भरून येत नाही.

यावर चिकित्सक विचारतील, माहितीपुस्तिकेत तर 0 ते 40 अंश असे छापलेले असते, त्याचे काय? ती कंपनीच्या जबाबदारीची हद्द. उणे एक अंशाला कॅमेरा प्राण सोडत नाही. पडदा जरा सुस्तावतो, इतकेच. मग कॅमेराही जॅकेटातच का नको? कारण जॅकेटात घाम असतो, त्याची वाफ काचेवर बसते आणि बाहेर काढताच गोठते. खरा घात संध्याकाळी होतो. बुखारी पेटलेल्या, चहा उकळत असलेल्या खोलीत गार कॅमेरा नेला की हवेतले बाष्प त्याच्यावर, प्रसंगी त्याच्या आतही, दव होऊन जमते. म्हणून बाहेरच कार्ड काढून घ्यावे, कॅमेरा हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालावा आणि दोनेक तास पिशवी उघडू नये. दव मग पिशवीवर धरते. फोटो आत्ताच बघायचे म्हणून हटून बसलेल्या नातेवाइकांच्या हाती कार्ड द्यावे, पिशवी देऊ नये.

बर्फ सिमेंटच्या गोदामासारखा करडा आला, तर एक्स्पोजर एक-दोन स्टॉपनी वाढवावे. मीटरला पांढरेपणा मुळातच मान्य नसतो. व्ह्यूफाइंडरवर उच्छ्वास गोठतो, म्हणून श्वास रोखून धरावा असे कुणी सुचवेल. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. श्वास घ्यावा, फक्त सोडताना तोंड बाजूला करावे.